स्नो ब्लोअर घेताना ड्राइव्हवे नव्हे, त्याचे तोंड मोजा

ऑक्टोबर लागला की आमच्या बफेलोमध्ये दोन गोष्टी हमखास सुरू होतात. दुकानांच्या दारात लाल-नारिंगी यंत्रे ओळीने उभी राहतात आणि मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर ‘कुठला स्नो ब्लोअर घ्यावा?’ हा प्रश्न फिरू लागतो. उत्तरेही ठरलेली असतात. एक जण सांगतो, सगळ्यात मोठा घ्या, पुन्हा डोक्याला ताप नको. दुसरा म्हणतो, उगाच खर्च कशाला, फावडे आहे की! तिसरा एखाद्या कंपनीचे नाव सांगून मोकळा होतो.

इथे चौदा हिवाळे काढल्यावर माझे मत या तिघांपेक्षा वेगळे झाले आहे. हे यंत्र निवडताना दोनच प्रश्न खरे महत्त्वाचे आहेत. ड्राइव्हवेच्या तोंडाशी किती आणि कसला बर्फ साचतो? आणि घरातले कोणते हात ते यंत्र चालवणार आहेत? बाकी सगळी चर्चा यानंतरची.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. बफेलो हे शहर एरी सरोवराच्या पूर्व टोकाला आहे. हिवाळ्याच्या सुरुवातीला कडक थंड वारा सरोवराच्या त्या मानाने उबदार पाण्यावरून येतो, बाष्प उचलतो आणि काठावर आल्यावर बर्फाच्या रूपाने ओततो. वर्षाची सरासरी सुमारे आठ फूट आहे. पण हा बर्फ सगळीकडे सारखा पडत नाही. चिपळूणला मुसळधार कोसळणारा पाऊस घाट ओलांडून माणदेशात जाईपर्यंत संपलेला असतो, तसेच काहीसे, फक्त अंतर फार कमी. नोव्हेंबर २०१४ मध्ये शहराच्या दक्षिणेकडच्या उपनगरांत पाच फुटांहून अधिक बर्फ पडला, काही ठिकाणी तर सात फुटांच्या आसपास, आणि उत्तरेकडच्या उपनगरांत जेमतेम काही इंच. त्यामुळे दुसऱ्या गावातल्या मित्राने घेतलेले यंत्र तुम्हाला योग्य असेलच असे नाही.

बर्फाचे वजन

बर्फ कापसासारखा दिसतो म्हणून तो हलका वाटतो. जरा हिशेब मांडू. ड्राइव्हवे सहा मीटर रुंद आणि पंधरा मीटर लांब धरला, तर क्षेत्रफळ ९० चौरस मीटर. त्यावर २० सेंटिमीटर बर्फ पडला, म्हणजे १८ घनमीटर. ताजा, कोरडा बर्फ घनमीटरला १०० किलो धरला तरी १,८०० किलो भरतो. तोच ओला, जड बर्फ असेल तर वजन तिप्पट होते, म्हणजे पाच टनांच्या पुढे. आणि हे एका रात्रीचे.

हे सगळे फावड्याने, शून्याखालच्या थंडीत, सकाळी कामावर जायच्या घाईत उचलायचे! थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, वाकून उचलण्याने रक्तदाब चढतो, आणि वर्षभर खुर्चीत बसून काम करणारे शरीर अचानक हमालीला जुंपले जाते. क्वेबेक प्रांतातल्या १९८१ ते २०१४ या काळातल्या नोंदी तपासून २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मोठ्या हिमवर्षावानंतर पुरुषांमध्ये हृदयविकाराच्या झटक्यांचे प्रमाण वाढते, असे त्यात दिसले. ‘फावडे आहे की’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. पन्नाशी ओलांडलेल्या, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या माणसाच्या बाबतीत यंत्र ही चैन नाही.

तोंडावरचा ढीग

आता माझा मुख्य मुद्दा. घरापासून रस्त्यापर्यंतचा बर्फ बहुधा मऊ असतो. अडचण शेवटच्या दीड-दोन मीटरवर येते. रस्ता साफ करणारी नगरपालिकेची प्लाऊ गाडी जाते, तेव्हा ती रस्त्यावरचा सगळा बर्फ कडेला ढकलते. कडेला तुमच्या ड्राइव्हवेचे तोंड असते. तिथे दाबलेला, मिठाच्या पाण्याने ओला झालेला, ढेकळांचा बांध तयार होतो. सहा मीटर लांब, एक मीटर रुंद आणि अर्धा मीटर उंच असा बांध म्हणजे तीन घनमीटर. त्याचे वजन सहज हजार किलोंच्या वर जाते. दुपारपर्यंत तसाच ठेवला तर तो गोठतो आणि मग पहार आणावी लागते. शिवाय तुम्ही साफ केल्यावर गाडी पुन्हा येते ती वेगळीच.

गाडी बाहेर निघणार की नाही, रुग्णवाहिका आत येणार की नाही, हे या बांधावर ठरते. म्हणून यंत्र त्याच्यासाठी घ्यायचे.

बाजारात ढोबळमानाने दोन जाती आहेत. सिंगल स्टेज यंत्रात रबरी कडांचे एकच फिरते पाते असते. ते जमिनीला घासत बर्फ ओढते आणि तेच बाहेर फेकते. यंत्र हलके, वळवायला सोपे, आणि डांबरी किंवा काँक्रीटचा ड्राइव्हवे अगदी स्वच्छ करते. सहा-आठ इंचांपर्यंतच्या ताज्या बर्फाला ते पुरते. पण गोठलेल्या ढेकळांवर ते उड्या मारते. खडीच्या ड्राइव्हवेवर तर ते वापरूच नये, कारण बर्फाबरोबर खडीही गोफणीतून सुटल्यासारखी उडते.

टू स्टेज यंत्रात पुढे लोखंडी मळसूत्र बर्फ फोडून आत ओढते आणि मागचा पंखा तो धुराड्यासारख्या नळीतून दूर फेकतो. चाकांना इंजिनाचा जोर असतो, म्हणून ढकलावे लागत नाही. खालच्या पट्ट्या वर-खाली करून ते जमिनीपासून थोडे उचलता येते, त्यामुळे खडीवरही चालते. तोंडावरचा बांध फोडायला हेच खरे. मात्र वजन नव्वद-शंभर किलोंच्या घरात आणि किंमत बहुधा हजार डॉलरच्या पुढे.

बॅटरीवर चालणारी यंत्रे आता दोन्ही प्रकारांत मिळतात. पेट्रोल नाही, दोरी ओढायची नाही, आवाज कमी. लहान ड्राइव्हवे आणि मध्यम बर्फ असेल तर ती उत्तम. पण खोल, ओल्या बर्फात बॅटरी झपाट्याने उतरते. सरोवराच्या माऱ्यात राहणाऱ्याने हे गणित आधी करावे.

हात कोणाचे?

दुकानात यंत्र बघायला बहुतेक वेळा घरातला पुरुष जातो आणि स्वतःच्या ताकदीवर निवडतो. पण सकाळी सहाला तो फिरतीवर दुसऱ्या शहरात असला तर? ड्राइव्हवे तेव्हा बायकोने काढायचा असतो, किंवा भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या वडिलांनी ‘मी करतो’ म्हणून हट्ट धरलेला असतो. तीस इंच रुंदीचे अवजड धूड त्यांना वळवता येणार आहे का?

म्हणून माझा सल्ला असा, की रुंदीसाठी पैसे टाकण्याऐवजी सुलभतेसाठी टाका. चोवीस इंची टू स्टेज यंत्र दोन गाड्यांच्या ड्राइव्हवेला पुरेसे आहे. तीस इंची घेतले तर फार तर दोन-चार फेऱ्या वाचतील. पण घराच्या प्लगला जोडून चालू होणारे इलेक्ट्रिक स्टार्ट आणि दांड्यावरची कळ दाबताच यंत्र वळवणारी सोय असली, तर घरातली प्रत्येक प्रौढ व्यक्ती ते चालवू शकते. दुकानातच घरच्यांना बरोबर नेऊन यंत्र फिरवून पाहायला सांगा. लाजायचे कारण नाही.

यंत्र आले म्हणजे धोका संपला, असेही नाही. डिसेंबर २०२२ च्या हिमवादळात बफेलो आणि परिसरात चाळीसहून अधिक माणसे गेली. रुग्णवाहिका पोहोचू शकल्या नाहीत. मृतांमध्ये बर्फ काढताना, काही तर स्नो ब्लोअर चालवताना, हृदय बंद पडलेले लोकही होते. छातीत कळ आली, दम लागला तर थांबायचे. बर्फ कुठे पळून जात नाही.

आणि तीन गोष्टी घरातल्या सगळ्यांना पाठ हव्यात. ओल्या बर्फाने नळी तुंबली तर हात कधीही आत घालायचा नाही. इंजिन बंद केल्यावरही अडकलेल्या पात्यात ताण शिल्लक असतो; अडथळा निघताच ते फिरते आणि बोटे जातात. यंत्राबरोबर मिळणारी काठी त्यासाठीच असते. दुसरे, गॅरेजमध्ये, दार उघडे ठेवूनसुद्धा, पेट्रोलचे यंत्र चालू करायचे नाही. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. तिसरे, मळसूत्राला धरून ठेवणाऱ्या छोट्या पिना जास्तीच्या चार-सहा घेऊन ठेवायच्या. दगड अडकला की त्या मुद्दाम तुटतात आणि महागडा गिअरबॉक्स वाचतो. भर वादळात दुकान उघडे नसते.

एका घराला एक यंत्र कशाला?

काही जण विचारतील, एवढे करण्यापेक्षा ठेकेदाराला हंगामाचे पैसे द्यावेत की! जरूर द्यावेत, जमत असेल तर. पण तो त्याच्या फेरीच्या वेळेला येतो. तो गेल्यावर प्लाऊ गाडी आली, की बांध पुन्हा उभा.

मला दुसरा मार्ग अधिक पटतो. आमच्या गल्लीत दहा घरे आणि आठ यंत्रे आहेत. वर्षातले अकरा महिने ती गॅरेजमध्ये धूळ खातात. ज्या दोन घरांत यंत्र नाही, त्या दोन्ही घरांत ऐंशीच्या घरातली माणसे एकटी राहतात. फूटपाथ साफ करण्याची जबाबदारी घरमालकाची, असा नियम त्यांनाही लागू आहे. नियम मोडला तर दंड होईल, हा भाग वेगळा. नर्स आत येऊ शकली नाही, तर त्याचे काय?

दोन शेजाऱ्यांनी मिळून एक चांगले यंत्र घ्यावे. पेट्रोल, दुरुस्ती आणि ठेवायची जागा यांचे आधीच ठरवून घ्यावे, म्हणजे तोंड फिरवायची वेळ येत नाही. दोघांचे वाचलेले पैसे काही कमी नसतात. आणि यंत्र चालू केलेच आहे, तर आणखी पंधरा मिनिटांत तिसऱ्या घराचे तोंड मोकळे होते. आपल्याकडे याला शेजारधर्म म्हणतात, आणि त्याला कुठल्या देशाचा व्हिसा लागत नाही.

तेव्हा यंदा दुकानात जाण्यापूर्वी टेप घेऊन रस्त्यापर्यंत चालत जा. आपले तोंड मोजा. मग डाव्या-उजव्या बाजूच्या घरांकडे एकदा बघा. आणि यंत्राचा आकार त्यानंतर ठरवा.