मृत्यूची तारीख बदलणारी 'सत्यकथा'

सोनपेठसारख्या तालुक्याच्या गावी मोटारशर्यत दिसते ती पडद्यावर किंवा मुलांच्या मोबाईलवरील खेळात. खेळ खेळता खेळता खराखुरा शर्यतपटू झालेल्या यान मार्डेनबरो या ब्रिटिश तरुणाची कथा येथील घरांतही कुतूहलाने पाहिली जाईल, यात नवल नाही. नील ब्लॉमकॅम्प दिग्दर्शित 'ग्रॅन टुरिस्मो' (२०२३) हा तो चित्रपट. 'सत्य घटनेवर आधारित' अशी त्याची जाहिरात झाली.

यानने २०११ साली निवडस्पर्धा जिंकली. २०१३ साली फ्रान्समधील ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत त्याचा संघ आपल्या गटात तिसरा आला. हे खरेच. परंतु जर्मनीतील नुरबुर्गरिंग येथे त्याची गाडी उडून एक प्रेक्षक दगावला, तो अपघात मार्च २०१५ चा. चित्रपटाने तो उचलून ल माँच्या आधी ठेवला. कशासाठी? नायक खचावा, गुरूने त्याला उभे करावे आणि यशाला करुणेची झालर लागावी!

शंकरपट पाहायला धावपट्टीच्या कडेने गर्दी करणाऱ्या मराठवाड्याला हे विशेष खुपावे. कडेला उभा असतो तो आपल्यासारखाच कोणाच्या तरी घरचा माणूस. त्याचे मरण ही पटकथेची सोय नव्हे. अपघात वगळणे योग्य ठरले नसते, असे यानचेच म्हणणे. ते मान्य. पण वगळू नये म्हणून हलवावा काय? धोक्याच्या दृश्यांत खुद्द यानने गाडी चालवली, इतकी अस्सलतेची हौस; मग दोन वर्षांचा हिशेब तेवढा कसा चुकला?