पुण्याची लस, आपला ताप

आज २५ एप्रिल, जागतिक हिवताप दिन. कोल्हापुरातून गाडीने चार-पाच तासांवर, पुण्यातल्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये मलेरियाची आर-२१ लस तयार होते. शोध ऑक्सफर्ड विद्यापीठाचा, उत्पादन आपल्याकडचे. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची शिफारस केली आणि जुलै २०२४ मध्ये आयव्हरी कोस्टमधल्या मुलांना ती मिळू लागली. घरच्याला सोडून बाहेरच्याला का, असे कोणी विचारेल. मलेरियाने दगावणाऱ्यांत सर्वाधिक भरणा आफ्रिकेतल्या पाच वर्षांखालच्या लेकरांचा आहे. लस आधी तिथेच जायला हवी होती.

तिची खुबी वेळ साधण्यात आहे. डास चावताना अंगात मोजकेच परजीवी शिरतात आणि थोड्याच वेळात यकृत गाठतात. तिथे आठवडाभरात एकाचे हजारो होऊन ते रक्तात उतरतात, तेव्हा कुठे हुडहुडी भरते. लस त्यांना गाठते ती यकृतात शिरण्याआधी. हे साधू शकते, हे संशोधक रूथ नुसेनझ्वाइग यांनी १९६७ सालीच उंदरांवर दाखवले होते. लस हाती यायला पुढे अर्धशतक गेले.

पण मलेरियाच्या परजीवींपैकी ही लस अडवते फाल्सिपारमला. गडचिरोलीला छळणारा तोच. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची अ‍ॅडफाल्सिवॅक्स लसही त्याच्यावरच बेतलेली. देशातला दुसरा मोठा शत्रू व्हायवॅक्स. तो यकृतात दडी मारून बसतो आणि काही महिन्यांनी, नवा डास न चावताही, पुन्हा डोके वर काढतो. त्याच्यावरची लस अजून बाजारात नाही. आफ्रिकेच्या बहुतांश भागात तो कमी, म्हणून जगाला त्याची घाई नाही. ती आपल्याला असायला हवी, आणि २०३० पर्यंत हिवताप हद्दपार करण्याचा शब्द देणाऱ्या सरकारने या संशोधनावर पैसा ओतायला हवा.

तोवर आधार यकृतात दडलेल्या व्हायवॅक्सला मारणाऱ्या प्रायमाक्विन गोळ्यांचा, १४ दिवसांचा. ताप दोन-तीन दिवसांत उतरतो. गडी शिरोलीच्या फौंड्रीत किंवा इचलकरंजीच्या मागावर परततो आणि उरलेल्या गोळ्या फळीवर पडून राहतात. जूनमध्ये हिवताप प्रतिरोध महिना येईल, गप्पी मासे सोडले जातील, पत्रके वाटली जातील. त्या कामांत आणखी एक घालावे: ज्याच्या रक्तात व्हायवॅक्स सापडला, त्याच्या घरी चौदाव्या दिवशी जाऊन गोळ्यांचे पाकीट बघून यावे.