उमेदवारी : वहीवरची आणि पडद्यावरची

बीड जिल्ह्यातील आष्टी तालुका महाराष्ट्राला परिचित आहे तो ज्वारी, पाण्याची टंचाई आणि दसऱ्यानंतर ऊसतोडीसाठी गाव सोडणारे मजूर यांच्यामुळे. नगरहून आष्टीपर्यंतच्या ६६ किलोमीटर लोहमार्गावर प्रवासी गाडी धावण्यास २३ सप्टेंबर २०२२ हा दिवस उजाडावा लागला. मात्र रेल्वे येण्याच्या सुमारे दोन वर्षे आधी, टाळेबंदीच्या काळात, याच तालुक्यातील सांगवी पाटण गावाच्या डोंगरावर एका गुरांच्या गोठ्यात काही तरुण संगणक मांडून बसले होते. गावात वीज बेभरवशाची आणि मोबाइलची रेंज अपुरी. डोंगरावर रेंज चांगली मिळत होती, म्हणून कार्यालय डोंगरावर गेले. जाहिराती, शुभेच्छापत्रे आणि चलत्‌चित्रे तयार करण्याचे काम तेथे चालत असे. या कार्यालयाचे चालक होते त्याच गावचे दादासाहेब भगत.

भगत यांचा जन्म १९९४ सालचा, शेतकरी कुटुंबातला. लहानपणी एका मंदिरात काम करणाऱ्या चित्रकाराजवळ बसून त्यांना चित्रांची गोडी लागली. दहावीनंतर त्यांनी आयटीआयचा अल्पकालीन अभ्यासक्रम केला आणि पुणे गाठले. पहिली नोकरी महिना ४,००० रुपयांची होती. पुढे इन्फोसिसच्या अतिथिगृहात ९,००० रुपये मिळतात असे कळल्यावर ते तेथे गेले. काम होते खोल्यांची व्यवस्था पाहण्याचे आणि पाहुण्यांना चहा-पाणी देण्याचे. संगणकासमोर बसून लोक नेमके काय करतात, याचे कुतूहल त्यांना स्वस्थ बसू देईना. त्यांनी विचारले. पदवी नसताना या क्षेत्रात कसे येता येईल, या प्रश्नाला त्यांना उत्तर मिळाले ते असे, की ग्राफिक डिझाइनमध्ये प्रमाणपत्रापेक्षा हात आणि नजर पाहिली जाते. नोकरी सांभाळून त्यांनी ते शिक्षण घेतले आणि वर्षभरात चहा देणारा तरुण संगणकासमोरच्या खुर्चीवर बसला. पुढे हैदराबाद येथे नोकरी करताना त्यांनी पायथॉन आणि सी प्लस प्लस या संगणकीय भाषाही आत्मसात केल्या.

या प्रवासातील एक बाब व्यापारी वाचकाच्या विशेष लक्षात यावी अशी आहे. रचनाकाराचा बराच वेळ तीच ती कामे पुन्हा पुन्हा करण्यात जातो, हे भगत यांनी हेरले. मग तयार नमुन्यांचा साठाच का विकू नये? एका अपघातानंतर त्यांनी नोकरी सोडली आणि ‘नाइन्थमोशन’ हा स्वतःचा व्यवसाय सुरू केला. टाळेबंदीत गावी परतल्यावर त्यांनी गावातील मित्रांना हे काम शिकवले आणि ‘डूग्राफिक्स’ हे सॉफ्टवेअर उभे केले. तयार साचा निवडावा, त्यात आपले छायाचित्र आणि मजकूर बसवावा व काही मिनिटांत जाहिरात तयार करावी, असे त्याचे स्वरूप. २०२५ मध्ये ‘शार्क टँक इंडिया’च्या चौथ्या पर्वात उद्योजक अमन गुप्ता यांनी १० टक्के हिश्श्याच्या बदल्यात १ कोटी रुपये देण्याचे मान्य केले. त्या हिशेबाने संपूर्ण व्यवसायाचे मोल १० कोटी रुपये धरले गेले.

साच्याच्या व्यापाराचे गणित धान्य-कापडाच्या व्यापाराहून वेगळे आहे. ज्वारीचे पोते विकले की गोदामात एक पोते कमी होते. नवे पोते आणण्यास पुन्हा भांडवल, हमाली आणि वाहतूक आलीच. दिवाळी-पाडव्याच्या शुभेच्छापत्राचा साचा मात्र एकदा बनला, की तो दहा जणांना विकला काय आणि दहा हजारांना विकला काय, साठा कमी होत नाही. भांडवल लागते ते पहिला साचा बनवणाऱ्याच्या कौशल्यात. म्हणूनच आष्टीचा डोंगर आणि महानगरातील चकचकीत इमारत यांतील अंतर या धंद्यात पुष्कळच कमी होते. ऑस्ट्रेलियातील ‘कॅनव्हा’ ही आज जगभर वापरली जाणारी सेवाही अशाच छोट्या जागेतून निघाली. पर्थ शहरात मेलनी पर्किन्स या तरुणीने २००७ मध्ये आईच्या घराच्या दिवाणखान्यातून शाळांच्या वार्षिकांकांची मांडणी करून देण्याचे काम सुरू केले. २०१३ मध्ये त्या अनुभवातून कॅनव्हा लोकांसमोर आले. दोन्ही उदाहरणांत प्रारंभ झाला तो एका साध्या निरीक्षणाने : लोकांना नेमकी कोणती अडचण येते, हे कोणीतरी जवळून पाहिले होते.

ही अडचण आज प्रत्येक पेढीवर आहे. किराणा असो, भुसार असो, कापड असो की सराफी, दुकानदाराला नव्या मालाची छायाचित्रे गिऱ्हाइकांना पाठवावी लागतात. दरपत्रक, वर्धापनदिनाचे निमंत्रण, वहीपूजनाच्या शुभेच्छा, घरातील विवाहाची पत्रिका हे सारे आता मोबाइलवरून जाते. आणि येथेच लहान लहान चुकांनी काम बिघडते. व्हॉट्सॲपवरून साध्या रीतीने पाठवलेले छायाचित्र वाटेत आकुंचित केले जाते. तेच पुढे छापखान्यात दिले की पत्रिकेवरचे चेहरे धूसर होतात. छपाईसाठी साधारणतः दर इंचाला ३०० बिंदू लागतात. १,०८० बिंदू रुंदीचे चित्र मोबाइलच्या पडद्यावर झकास दिसते, पण कागदावर ते जेमतेम साडेतीन इंच रुंदीपर्यंतच स्वच्छ छापले जाते. छायाचित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवल्यास ते मूळ स्वरूपात पोहोचते. दुकानाचे बोधचिन्ह जेपीजी प्रकारात ठेवले, तर रंगीत पार्श्वभूमीवर त्याभोवती पांढरा चौकोन उमटतो; पीएनजी प्रकारात पार्श्वभूमी पारदर्शक ठेवता येते. बोधचिन्ह रेषांच्या गणितावर आधारलेल्या ‘व्हेक्टर’ प्रकारात असेल, तर तेच चिन्ह पावतीवर आणि वीस फुटी फलकावर सारखेच रेखीव उमटते.

मराठी अक्षरांचीही अशीच कथा आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या प्रणालींतील मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला आणि तेथे तो टंक नसला, तर अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. युनिकोडने प्रत्येक अक्षराला एक ठरावीक क्रमांक दिला असल्यामुळे तो मजकूर मोबाइलवर, संगणकावर आणि संकेतस्थळावर मराठीच राहतो. जुनी पत्रके, जुन्या याद्या नव्या यंत्रावर वाचता येत नाहीत, ही अनेक पेढ्यांची तक्रार असते. तिचे मूळ बहुधा या फरकात असते.

आता प्रश्न असा, की या गोष्टी पेढीवर कोणाला ठाऊक असतात? मालकाचा वेळ खरेदी-विक्रीत आणि उधारी-वसुलीत जातो. घरचा मुलगा शिक्षणासाठी पुण्याला किंवा संभाजीनगरला असतो. सकाळी शटर उघडणारा, माल मांडणारा, गिऱ्हाइकाला पाणी देणारा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा मात्र दिवसभर दुकानात असतो. त्याच्या खिशात मोबाइल असतो. त्याने कोणाच्या वाढदिवसाचे चित्र जुळवलेले असते, मित्राच्या छायाचित्रामागची भिंत पुसून तेथे डोंगर लावलेला असतो. दुकानातील संगणकाला मात्र त्याने हात लावायचा नसतो. तो पुसण्यापुरताच त्याच्या वाट्याला येतो.

व्यापारी घराण्यांची जुनी रीत याहून उदार होती. पूर्वी पेढीवर आलेला मुलगा ‘उमेदवार’ म्हणून येत असे. पहाटे झाडलोट, गादी-तक्क्या नीट करणे, दौत भरून ठेवणे येथून त्याचा आरंभ होई. काही महिन्यांनी त्याला बाजारभाव लिहून घेण्यास बसवले जाई. मग रोजमेळ, मग खतावणी, आणि हात विश्वासाचा ठरला की नावे-जमेचा ताळा. मुनीमजी रागावत, पण शिकवत. अशा उमेदवारीतून कित्येक स्वतंत्र पेढ्या उभ्या राहिल्या. आज जी घराणी प्रतिष्ठित म्हणून ओळखली जातात, त्यांपैकी अनेकांचे मूळ पुरुष हातात लोटा आणि खांद्यावर कापडाचे गाठोडे घेऊन आले होते आणि दुसऱ्या कोणाच्या तरी गादीजवळ बसून हिशेब शिकले होते. वही सर्वांना दिसत असे; पाहता पाहता ती शिकता येत असे. संगणक आला, वही पडद्याआड गेली, तिला संकेतशब्दाचे कुलूप लागले आणि पाहून शिकण्याची वाटही नकळत बंद झाली.

यावर व्यापाऱ्याचे दोन आक्षेप असतात आणि दोन्ही विचार करण्यासारखे आहेत.

पहिला आक्षेप सुरक्षिततेचा. बँकेचे व्यवहार, ओटीपी, जीएसटीची विवरणे, गिऱ्हाइकांची उधारी हे सारे त्याच यंत्रात असते. ते कोणाच्याही हाती कसे द्यावे? ते देऊच नये. संगणकात दुसरे स्वतंत्र खाते उघडता येते. त्या खात्यातून हिशेबाचे दालन दिसत नाही, केवळ चित्रांचे काम करता येते. घरात अडगळीला पडलेला जुना संगणक असेल तर त्याहून उत्तम. चित्रे दुरुस्त करण्यासाठी ‘गिम्प’ आणि रेषाचित्रांसाठी ‘इंकस्केप’ ही सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतात. १९९६ पासून लोकांच्या हाती असलेल्या गिम्पमध्ये शिकण्यापुरतेच नव्हे, तर विकण्याजोगे कामही करता येते. जुन्या पेढीवरही तिजोरीची किल्ली उमेदवाराकडे नसेच. त्याला वही मात्र पाहू दिली जाई.

दुसरा आक्षेप अधिक मनातला. शिकवले की मुलगा जाईल. हे खरे आहे. भगतही गेले, ९,००० रुपयांची नोकरी सोडून गेले, पुढे हैदराबादची नोकरीही सोडली. शिकलेला मनुष्य जुन्या जागी कायम राहील, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. पण न शिकवलेला मुलगाही जातोच. शेजारच्या दुकानात पाचशे रुपये अधिक मिळाले की जातो, ऊसतोडीच्या हंगामात उचल मिळाली की टोळीबरोबर जातो. फरक एवढाच, की तेव्हा तो पेढीकडून काही घेऊन जात नाही आणि पेढीलाही त्याच्याकडून काही मिळालेले नसते. शिकत असलेल्या काळात तोच मुलगा मालाची छायाचित्रे स्वच्छ काढतो, दरपत्रक बिनचूक मांडतो, पत्रिकेसाठी बाहेर द्यावे लागणारे पैसे वाचवतो. गेल्यावर तो गावात, तालुक्यात ‘अमक्या शेठजींकडे शिकलो’ असे सांगतो. व्यापारात पत हीच पुंजी मानणाऱ्यांना या वाक्याची किंमत वेगळी सांगावयास नको.

आष्टी तालुक्याला हा विचार अपरिचित नाही. तालुक्यातील कडा येथे अमोलक जैन विद्या प्रसारक मंडळ आहे. तेथील कला, विज्ञान व वाणिज्य महाविद्यालयाची नावे गांधी घराण्याच्या दातृत्वाची साक्ष देतात. बाजारपेठेच्या गावात, शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या मुलांनाही गावाजवळ शिकता यावे, म्हणून व्यापाऱ्यांनी येथे हात सैल सोडला. मोठ्या देणगीतून महाविद्यालय उभे राहते, ते थोड्यांनाच शक्य असते. रोज दुपारी, गिऱ्हाईक कमी असते तेव्हा, एका मुलाला तासभर खुर्ची देणे हे मात्र प्रत्येक दुकानाला शक्य आहे.

त्या तासाला थोडी शिस्त हवी. पहिल्या महिन्यात मराठी युनिकोड टंकलेखन आणि छायाचित्र नीट कापणे, उजळणे. दुसऱ्या महिन्यात दुकानाचे दरपत्रक. तिसऱ्या महिन्यात एक संपूर्ण निमंत्रणपत्रिका, छापखान्याच्या मापात. चूक झाली तर कागद वाया जाईल, माल नव्हे. सहा महिन्यांत मुलाला गोडी नाही असे दिसले, तरी पेढीचे फारसे काही गेले नाही. गोडी आहे असे दिसले, तर त्याच्या वाटेवरचा पहिला दगड पेढीने बाजूला केला.

दादासाहेब भगत यांच्या कथेत त्यांचे परिश्रम सर्वांना दिसतात, आणि ते खरोखर मोठे आहेत. परंतु त्या कथेत एक अनामिक मनुष्यही आहे. चहा घेऊन आलेल्या मुलाने काहीतरी विचारले, तेव्हा त्याने हातातले काम क्षणभर थांबवले आणि नीट उत्तर दिले. त्याला त्यासाठी एक रुपयाही खर्च करावा लागला नाही.