पुरावा वाचकासमोरच असतो

रहस्यकथा आणि विज्ञान कादंबरी यांना मराठीत वाचक कधी कमी पडले नाहीत. कमी पडली ती समीक्षा. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, झुंजार आणि काळा पहाड ही नावे घराघरांत पोचली, तरी त्या लेखनाची चर्चा ‘किती लिहिले’ या आकड्यापलीकडे फारशी गेली नाही. जयंत नारळीकरांच्या वाट्याला सन्मान भरपूर आला, २०२१च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही आले. पण त्यांच्या कादंबऱ्यांविषयी बोलताना आपण बहुतेक वेळा त्यांतल्या विज्ञानाविषयी बोलतो, बांधणीविषयी नाही. एक प्रकार ‘रंजक’ म्हणून बाजूला सारला जातो, दुसरा ‘उद्बोधक’ म्हणून गौरवला जातो आणि दोन्ही न तपासलेलेच राहतात. अलीकडे वाचून संपवलेल्या काही कादंबऱ्यांनी माझे एक मत पक्के केले आहे. या पुस्तकांना लावायचे माप त्यांच्या आतच असते. लेखकाने आपल्या जगाचा नियम वाचकाला आधी दाखवला का, आणि शेवटपर्यंत तो पाळला का, हे ते माप. ज्या कादंबऱ्या त्याला पुरेपूर उतरतात, त्यांत हा नियम निव्वळ कथेचा राहत नाही, त्या जगातल्या समाजाचा होतो.

रहस्यकथेपुरता हा आग्रह जुना आहे. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरू-लेखकाने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले. गुप्तहेराला सापडलेला धागा वाचकापासून लपवायचा नाही, उलगडा दैवी शक्तीवर सोपवायचा नाही, कोणाला ठाऊक नसलेले विष वापरायचे नाही, असा त्यांचा रोख होता. त्याआधी तीनच वर्षे अगाथा ख्रिस्तीच्या ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’वर फसवणुकीचा आरोप झाला होता. पण ती कादंबरी पुन्हा वाचली की जे हवे ते सगळे पानावर होते, हे मान्यच करावे लागते. नॉक्सची यादी आज जुनाट वाटते, तिच्यामागचा विचार मात्र वाटत नाही. वाचक लेखकाच्या बरोबरीने विचार करू शकतो, हा विश्वास त्यात आहे.

मग काल्पनिक जगात घडणाऱ्या गुन्ह्याचे काय? अमेरिकी संपादक जॉन कॅम्पबेल यांचे म्हणणे होते की विज्ञानकथा आणि रहस्यकथा एकत्र नांदू शकत नाहीत, कारण अडचण आली की लेखक एखादे नवे यंत्र शोधून काढणार आणि कोडे सोडवून मोकळा होणार. आक्षेप वजनदार आहे. आयझॅक आसिमॉव्हने त्याचे उत्तर कादंबरी लिहूनच दिले. १९५४ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या ‘द केव्ह्ज ऑफ स्टील’मध्ये पृथ्वीवरची माणसे पोलादी छताखालच्या अवाढव्य शहरांत राहतात. दाटी आहे, शिध्याचे माप ठरलेले आहे, आणि पिढ्यान्पिढ्या छताखाली गेल्यामुळे उघड्या आकाशाखाली पाऊल टाकायची कल्पनाही कोणाला सहन होत नाही. शहराला लागूनच परग्रहावरून आलेल्या लोकांची वसाहत आहे. तिथे एका शास्त्रज्ञाचा खून होतो, आणि तपासावर नेमलेल्या एलायजा बेली या पोलिसाला जोडीदार म्हणून मिळतो हुबेहूब माणसासारखा दिसणारा यंत्रमानव, आर. डॅनील.

इथे आसिमॉव्हची खरी करामत दिसते. वसाहतीत शस्त्र घेऊन शिरायचे तर मोकळ्या माळावरून चालत जावे लागेल. ते माणसाला जमणार नाही. यंत्रमानव चालत जाईल, पण माणसाला इजा न करण्याच्या नियमाने तो बांधलेला आहे. म्हणजे खून करू शकणारा तिथे पोचू शकत नाही, आणि पोचू शकणारा खून करू शकत नाही. ही दोन्ही बंधने लेखकाने उघडपणे सांगितलेली आहेत. गंमत अशी की पृथ्वीवासीयांची ती भीती सुरुवातीला केवळ वातावरणनिर्मितीचा भाग वाटते. पुढे लक्षात येते की तपासाचा सगळा डोलारा तिच्यावरच उभा आहे. भविष्यातल्या समाजाचे वर्णन आणि गुन्ह्याचा पुरावा या दोन गोष्टी इथे वेगळ्या काढताच येत नाहीत. कॅम्पबेलच्या आक्षेपाला याहून नेमके उत्तर नाही: लेखक नवे यंत्र आणू शकतो, पण ते वाचकाच्या हाती आधी द्यायला हवे.

चायना मिएव्हिलची ‘द सिटी अँड द सिटी’ ही २००९ची कादंबरी याच वाटेने बरीच पुढे जाते. बेझेल आणि उल कोमा ही दोन शहरे एकाच भूभागावर, एकमेकांत गुंतून वसलेली आहेत. काही रस्ते एकाचे, काही दुसऱ्याचे, तर काही दोघांचेही. जादू अजिबात नाही. नागरिकांना लहानपणापासून शिकवलेले असते की दुसऱ्या शहराची माणसे, घरे, वाहने समोर आली तरी ती पाहायची नाहीत. चुकून दिसलीच, तर न पाहिल्यासारखे करून पुढे जायचे. हा नियम मोडणे खुनापेक्षाही गंभीर मानले जाते. बेझेलमध्ये एका तरुणीचे प्रेत सापडते आणि इन्स्पेक्टर बोर्लूचा तपास सीमेपलीकडे जाऊ लागतो. ज्याचे काम बारकाईने पाहणे, त्यालाच निम्मे शहर पाहायला बंदी आहे. मराठी वाचकाला हे जग परके वाटायचे कारण नाही. ज्या समाजाने गावकुसाबाहेरच्या वस्त्या शतकानुशतके डोळ्यांसमोर असून पाहिल्या नाहीत, त्याला न पाहण्याचे शिक्षण म्हणजे काय हे कळते. मिएव्हिल यावर प्रवचन देत नाही. बोर्लू नजर वळवतो, आणि काही प्रकरणांनंतर वाचकही नकळत त्याच्याबरोबर नजर वळवू लागतो. हा अनुभव निबंध देऊ शकला नसता, वास्तववादी कादंबरीलाही तो इतक्या थेटपणे देणे अवघड गेले असते.

रहस्य एकदा कळले की अशा पुस्तकात उरते काय, हा नेहमीचा आक्षेप. केइगो हिगाशिनो या जपानी लेखकाची ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’ त्याला उत्तर देते. तिच्यावर आधारलेला ‘जाने जां’ हा २०२३चा हिंदी चित्रपट अनेकांनी पाहिला असेल. खून कोणी केला, हे इथे सुरुवातीलाच कळते. शेजारी राहणारा गणिताचा शिक्षक तो झाकण्यासाठी काय करतो आणि का करतो, एवढेच उरते, आणि तेवढ्यावर कादंबरी शेवटच्या पानापर्यंत पकड सोडत नाही. दुसऱ्या वाचनात पहिल्या वेळी साधी वाटलेली वाक्ये दोन अर्थांनी बोलू लागतात. लपवलेले नाव हेच ज्या पुस्तकाचे भांडवल असते, ते एका वाचनात संपते, हे मला मान्य आहे. तशी पुस्तके पुष्कळ आहेत, आणि त्यांत माणसे सोंगट्यांसारखी सरकवली जातात हेही खरे. पण ते त्या पुस्तकांचे अपयश आहे, प्रकाराचे नव्हे.

हेच माप नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ला लावून पाहावे. खोदकामात एक पेटी सापडते, तिच्यातून पूर्वीच्या एका अतिप्रगत संस्कृतीची माहिती उलगडत जाते, आणि ती संस्कृती नाहीशी का झाली हा प्रश्न उभा राहतो. ही विज्ञान कादंबरी आहेच, पण तिचा सांगाडा रहस्यकथेचा आहे. शिवाय पहिला धागा मुखपृष्ठावरच दिलेला आहे. बळीच्या दारी आलेला बुटका बटू पुढे काय मागतो, हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. धोका समोर ठेवूनही वाचकाला तो वेळेवर जाणवू नये, ही बांधणी कसलेल्या लेखकाचीच. या कादंबरीविषयी लिहिताना नारळीकर मोठे वैज्ञानिक होते हे पुन्हा सांगण्याऐवजी हे धागे कुठे पेरले आहेत ते दाखवावे. आणि जिथे पात्रे एकमेकांना विज्ञान समजावून सांगायला लागतात, जिथे वाचकाने स्वतः शोधायची गोष्ट त्याला व्याख्यानातून मिळते, तिथे मराठी विज्ञानकथा ढिली पडते, हेही स्पष्ट म्हणावे. अर्नाळकरांच्या हजार पुस्तकांतून वाचकाशी प्रामाणिक राहणारी कोणती आणि ऐन वेळी योगायोगाचा आधार घेणारी कोणती, हे निवडायचे काम तर अजून सुरूही व्हायचे आहे. त्यासाठी खुन्याचे नाव फोडावे लागत नाही. नियम कुठे सांगितला आणि कुठे मोडला, एवढे दाखवले तरी पुरते.