छंद : वाचन, संगीत

एका संकलनासाठी माझा परिचय मागवला. छंदांत मी लिहिलं : वाचन, संगीत, देशाचं राजकारण. छापताना तिसरा उडाला. ‘साहित्यात ते शोभत नाही,’ असं संपादकांचं म्हणणं.

शोभत नाही? मग साधी पेटी घ्या. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली. स्वातंत्र्य आलं तरी ती उठली नाही. १९५२मध्ये नभोवाणीमंत्री केसकरांनी सिनेगीतांना दार जवळजवळ बंद केलं आणि लोकांनी काटा रेडिओ सिलोनवर नेला. आणीबाणीत सरकारी कार्यक्रमाला नकार दिला म्हणून किशोरकुमारचा आवाजच रेडिओवरून गेला. पुस्तकांचं वेगळं नाही. दुर्गाबाई भागवत लोककथा आणि ऋतूंत रमणाऱ्या. पण १९७५च्या कऱ्हाड संमेलनात अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध बोलल्या आणि पुढे तुरुंगात गेल्या. त्यांचं ‘ऋतुचक्र’ आपण आवडीने वाचतो, कऱ्हाड मात्र सोयीने विसरतो.

माझं रोजचं काम अनुवादाचं. ‘देश’ लिहू, ‘राष्ट्र’ लिहू की ‘मुलूख’, इथेच निम्मी सकाळ जाते. सकाळचं वर्तमानपत्र वाचल्याशिवाय ते ठरत नाही मला. (संपादकांना ठरत असेल.)

पुढच्या आवृत्तीसाठी परिचय पुन्हा पाठवलाय. यंदा राजकारण आधी लिहिलंय.