मालवणचे घुर्ये आणि दिल्लीच्या नोट्स

यूपीएससीच्या मुलाखती सुरू झाल्या की कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या महाराष्ट्र सदनात गावोगावची मुले-मुली उतरतात. कुणाच्या हातात चालू घडामोडींची फाईल असते, कुणाच्या हातात वैकल्पिक विषयाच्या नोट्स. समाजशास्त्र घेतलेले त्यांत हमखास भेटतात. या विषयाच्या दुसऱ्या पेपरच्या अभ्यासक्रमात भारतीय समाजाकडे पाहण्याच्या तीन दृष्टी नावानिशी दिल्या आहेत. भारतविद्येची दृष्टी गो. स. घुर्ये यांची, संरचनात्मक-कार्यवादी दृष्टी एम. एन. श्रीनिवास यांची आणि मार्क्सवादी दृष्टी ए. आर. देसाई यांची. मुले हे तीन प्रवाह तोंडपाठ करतात. पण हे तिघेही मुंबई विद्यापीठाच्या एकाच विभागातले. श्रीनिवास आणि देसाई हे दोघेही घुर्यांचे विद्यार्थी, आणि घुर्ये आपल्या मालवणचे. हे नोट्समध्ये नसते. म्हणून यंदाच्या दिवाळी अंकाच्या आरंभी त्या विभागाची हकिकत सांगायची आहे.

मुंबई विद्यापीठाने १९१९ साली समाजशास्त्राचे अध्यापन सुरू केले आणि ते काम पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश विद्वानाकडे सोपवले. गेडिस मुळात जीवशास्त्रज्ञ. पुढे नगररचनाकार झाले. नकाशा काढण्याआधी शहर पायी फिरून पाहावे, जुनी वस्ती पाडण्याआधी ती कशी जगते हे समजून घ्यावे, असे ते सांगत आणि स्वतः तसे करत. त्यांच्या वर्गात घुर्ये नावाचा संस्कृतचा एम.ए. झालेला तरुण बसत असे. विद्यापीठाने त्याला शिष्यवृत्ती देऊन इंग्लंडला पाठवले. केंब्रिजमध्ये तो डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्या हाताखाली शिकला. १९२२ साली रिव्हर्स अकाली गेल्यावर ए. सी. हॅडन यांच्याकडे त्याने प्रबंध पूर्ण केला. १९२४ साली गेडिस यांच्या जागी घुर्ये विभागप्रमुख झाले आणि १९५९ साली निवृत्त होईपर्यंत, म्हणजे तब्बल ३५ वर्षे, तेथेच राहिले.

या ३५ वर्षांत त्या विभागात काय काय लिहिले गेले याची यादी पाहिली की थक्क व्हायला होते. घुर्यांचे जात आणि वंश यांवरचे पुस्तक १९३२ सालचे. त्यानंतर साधूंवर, वेशभूषेवर, महादेव कोळ्यांवर त्यांची पुस्तके आली. इरावती कर्वे यांनी त्यांच्या मार्गदर्शनाखाली चित्पावनांवर प्रबंध लिहिला. श्रीनिवासांनी म्हैसूरकडच्या विवाहसंस्थेवर आणि मग कूर्गी लोकांवर लिहिले. देसाईंनी भारतीय राष्ट्रवादाची सामाजिक पार्श्वभूमी तपासली. तो ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला आणि आजही वाचला जातो. गुरूचे मत शिष्याने गिरवलेच पाहिजे, असा त्या विभागाचा खाक्या दिसत नाही. ग्रंथांतून समाज शोधणाऱ्या प्राध्यापकाच्या हाताखाली एक विद्यार्थी गावात जाऊन राहणारा निघाला, दुसरा कट्टर मार्क्सवादी. अध्यापकाची थोरवी मोजायला मला याहून चांगले माप ठाऊक नाही.

१९५१ साली घुर्यांच्या पुढाकाराने भारतीय समाजशास्त्र परिषद उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी तिचे नियतकालिक सुरू झाले. १९५९ साली घुर्ये निवृत्त झाले, त्याच वर्षी श्रीनिवासांनी दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये समाजशास्त्राचा विभाग सुरू केला. राजधानीत पुढे या विषयाचा जो दबदबा झाला, त्याचे एक मूळ मुंबईत आहे.

घुर्यांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. आदिवासींना त्यांनी मागासलेले हिंदू ठरवले आणि मानववंशशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विन यांच्याशी मोठा वाद ओढवून घेतला. आदिवासींचे स्वतःचे म्हणणे या वादात फारसे ऐकू येत नाही. दुसरी गोष्ट मला अधिक बोचते. जातीवरचा एक मूलगामी निबंध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचला होता आणि पुढच्याच वर्षी तो छापूनही आला होता. जात टिकून राहते ती पोटजातीतच लग्न लावण्याच्या सक्तीमुळे, आणि त्या सक्तीची किंमत बायका मोजतात, हे त्यांनी पंचविशीत मांडले होते. बाबासाहेब मुंबईतच राहत, शिकवत, लढे उभारत होते. तरीही आपल्या विद्यापीठांच्या वाचनयाद्यांत एक समाजशास्त्रज्ञ म्हणून त्यांना मानाची जागा मिळायला कितीतरी दशके जावी लागली. पुणे विद्यापीठातल्या शर्मिला रेगे यांनी ही उणीव भरून काढायला आयुष्य वेचले. दलित स्त्रियांच्या मराठी आत्मकथनांना त्यांनी समाजशास्त्राच्या वर्गात आणून बसवले. २०१३ साली त्या गेल्या तेव्हा त्यांचे काम ऐन भरात होते.

मराठीत समाजाचा अभ्यास विद्यापीठाच्या आधीच सुरू झाला होता. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ सालचा. महसूल खात्यात काम करताना पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, भटके यांचे व्यवहार त्यांनी जवळून पाहिले आणि सरळ मराठीत लिहिले. ज्ञानकोशकार केतकरांचे जातिसंस्थेवरचे इंग्रजी पुस्तक १९०९ सालचे; पण अमेरिकेहून परतल्यावर त्यांनी मराठीत ज्ञानकोश उभारला. त्याच १९०९ साली का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला. सामान्य वाचकाला घरबसल्या चांगले, कसदार वाचायला मिळावे, ही तळमळ दोन्ही उद्योगांच्या मुळाशी होती.

विभाग स्थापन झाला आणि ही वाट अरुंद झाली. महादेव कोळ्यांवरचा ग्रंथ इंग्रजीत. पुणे-नगर रस्त्यावरच्या लोणीकंदचे वर्णन थॉमस कोट्स नावाच्या इंग्रज डॉक्टरने पेशवाई बुडाल्यावर लगेच करून ठेवले होते. सव्वाशे वर्षांनंतर घुर्यांनी त्याच गावाची पुन्हा पाहणी केली. एका मराठी गावाचे असे दुहेरी चित्र मिळणे ही केवढी दुर्मीळ गोष्ट! तेही इंग्रजीतच. ज्यांच्याबद्दल लिहिले, त्यांच्या घरात ते पोचले नाही. जगाशी बोलायला इंग्रजी हवीच, याबद्दल वाद नाही. पण तेच काम मराठीतही मांडण्याची जबाबदारी विद्यापीठांनी स्वतःची मानली नाही, हा माझा आक्षेप आहे.

इरावतीबाईंनी ती मानली. आळंदीहून पंढरपूरला निघालेल्या दिंडीबरोबर त्या चालल्या आणि ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. एकाच दिंडीतल्या बायका दिवसभर एकत्र चालत, तेच अभंग म्हणत. मुक्कामावर मात्र ब्राह्मणांची पंगत वेगळी आणि मराठ्यांची वेगळी. दोन्हीकडच्या बायका अंघोळ केल्याशिवाय जेवत नसत, मग हा दुरावा कशासाठी, या विचाराने बाई अस्वस्थ होतात. निरीक्षण काटेकोर, आणि ते करणारी बाई दिंडीत पाय दुखवून घेत चाललेली. हाच मजकूर पुढे १९६२ साली आशियाविषयक संशोधनाच्या एका अमेरिकी नियतकालिकात इंग्रजीत आला आणि वारीवरच्या अभ्यासाचा आधार झाला. ‘युगान्त’ या त्यांच्या पुस्तकाचेही तसेच. आधी मराठीत, मग त्यांच्याच इंग्रजीत. कोयना धरणाने उठवलेल्या गावकऱ्यांची पाहणीही याच बाईंची.

‘युगान्त’ला १९६८ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. अकादमीचे रवींद्र भवन सदनापासून चालत जाण्याइतके जवळ आहे. मंडी हाउसच्या चौकाकडे जायचे, दूरदर्शन आणि कमानी सभागृह मागे टाकायचे, की फिरोजशाह रस्त्याच्या कोपऱ्यावर ते दिसते. पत्ता ३५, फिरोजशाह रस्ता. याच ३५ क्रमांकावर भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषदेचे ग्रंथालय व दस्तऐवज केंद्र आहे, देशभरातल्या पीएच.डी.चे प्रबंध तेथे जपले जातात. १९६९ साली स्थापन झालेल्या या परिषदेचे पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ आणि पहिले सदस्य-सचिव जे. पी. नाईक. एकाने पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था घडवली होती, दुसऱ्याने गारगोटीला मौनी विद्यापीठ. ललित साहित्य आणि समाजाचे शास्त्र येथे एका आवारात नांदतात आणि दोन्हीकडे मराठी माणसांची मोलाची कामगिरी आहे. संसद पाहायला, खासदारांना भेटायला येणाऱ्या आपल्या मंडळींनी या आवारातही अर्धा दिवस घालवावा.

मराठीत काहीच झाले नाही, असे मी म्हणत नाही. स. मा. गर्गे यांनी संपादित केलेला ‘भारतीय समाजविज्ञान कोश’ आहे, ‘समाज प्रबोधन पत्रिका’ आहे. अपुऱ्या पैशांत, थोड्या माणसांच्या बळावर ही कामे झाली. पण जिल्ह्याच्या गावी मराठी माध्यमातून एम.ए. करणाऱ्या मुलीच्या हाती आज गाईडच पडते. घुर्यांचे मुख्य ग्रंथ, श्रीनिवासांची खेड्यावरची पुस्तके, देसाईंचा राष्ट्रवादावरचा ग्रंथ तिला चांगल्या मराठीत, टिपांसह, परवडणाऱ्या किमतीत मिळायला हवेत. हे काम विद्यापीठांचे आणि राज्य शासनाचे आहे. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा ऑक्टोबर २०२४ मध्ये मिळाला. त्यापाठोपाठ येणाऱ्या पैशांतला काही वाटा या भाषांतरांकडे वळवावा, अशी आमची जाहीर मागणी आहे.

दिवाळी अंकांनाही हात झटकता येणार नाहीत. कथा, कविता, प्रवासवर्णन, राशिभविष्य यांना आपण पाने देतो. गावाच्या, वस्तीच्या, धंद्याच्या अभ्यासाला फार कमी. या अंकात तशी सुरुवात केली आहे. पुढच्या वर्षी अशा लेखनासाठी स्वतंत्र विभाग राखून ठेवणार आहोत. दिल्लीत, गुडगावात, नोएडात राहणाऱ्या मराठी संशोधक विद्यार्थ्यांनी आपल्या प्रबंधातले एखादे प्रकरण मराठीत लिहून पाठवावे. ज्यांच्याकडे प्रबंध नाही, त्यांनी आपल्या गावाचा बाजार, आपल्या सोसायटीत कामाला येणाऱ्या बायकांचा दिवस, आपल्या भागातली स्थलांतरे यांवर पाहून, विचारून, पडताळून लिहावे. भाषा साधी चालेल. निरीक्षण मात्र स्वतःचे हवे. लेख होळीपर्यंत आमच्याकडे पोचावेत.