पैसा आला, पण पळी कोणाच्या हातीं?

वाचकहो, पंगतीसाठीं अन्न किती शिजलें यापेक्षां पळी कोणाच्या हातीं आहे, हें शेवटच्या पानावर बसणाऱ्याला आधीं पाहावें लागतें. मंदीच्या काळांत सरकार शहरांना जी मदत देतें तिचेंहि असेंच आहे. अमेरिकेचा दाखला घेऊं.

१९२९ सालीं तेथें मंदीचा वरवंटा फिरूं लागला. १९३३ पर्यंत कामकऱ्यांपैकीं सुमारें चारांतला एक बेकार झाला. शहरांचें उत्पन्न मुख्यतः घरपट्टीवर. घरधन्याची मिळकत बुडाली म्हणजे पट्टी थकते, आणि नेमकी तेव्हांच म्युनिसिपालिटीच्या दारांत भुकेल्यांची रांग वाढते. शिकागो शहरांतील शिक्षकांना तर कित्येक महिने पगार मिळाला नाहीं. कधीं रोकडीऐवजीं चिठ्ठ्या हातीं पडत, आणि त्या पुऱ्या किंमतीस घ्यावयास दुकानदार तयार नसत. हें वाचून आम्हां मास्तरांच्या पोटांत कालवतें.

अध्यक्ष हूव्हर म्हणत, गरिबांची तरतूद ही गांवची व धर्मादायाची बाब आहे. पण बँकेवर पाळी आली तेव्हां हें तत्त्व कोठें गेलें ? जून १९३२ मध्यें शिकागोच्या एका बँकेला सरकारी महामंडळानें ९ कोटि डॉलरांचें कर्ज मंजूर केलें. त्या बँकेचे प्रमुख चार्ल्स डॉज हे त्याच महिन्यांत त्या महामंडळाचें अध्यक्षपद सोडून आले होते ! पुढच्या महिन्यांत साऱ्या देशांतील भुकेल्यांसाठीं कायदा झाला. रक्कम ३० कोटि, तीहि कर्जाऊ, दरसाल शेंकडा ३ व्याजानें. एका पेढीला ९ आणि अवघ्या राष्ट्राच्या गरिबांना ३०. हा हिशेब आमच्या चौथीच्या पोरालाहि समजेल.

१९३३ सालीं रूझवेल्ट अध्यक्ष झाले. मे महिन्यांत ५० कोटि डॉलरांचें मदतखातें निघालें व हॅरी हॉपकिन्स त्याचे मुख्य झाले. या वेळीं पैसा कर्ज म्हणून न देतां अनुदान म्हणून दिला, हा फरक मोठा. तरी अर्ध्या रकमेला अट होती : राज्यानें व गांवानें ३ डॉलर खर्चावे, तेव्हां वरून १ मिळेल. ज्याच्या कणगींत दाणा त्यालाच बियाणें, असा हा न्याय ! उरलेली अर्धी रक्कम गरज पाहून देण्याची मुभा होती, म्हणून निभावलें. त्याच हिंवाळ्यांत सरकारनें स्वतः कामें काढून ४० लाखांवर माणसांना मजुरी दिली. भीक घेतांना मान खालीं जाते. मजुरी घेतांना जात नाहीं.

येथवर ठीक. पण वाढपी कोण ? पैसा वॉशिंग्टनचा, वांटणारे गांवचे. दक्षिणेकडे सत्ता गोऱ्या पुढाऱ्यांची, आणि काळा मजूर राबे तो गोऱ्या जमीनदारांच्या शेतांत. सरकारी कामावर त्याला चार पैसे अधिक मिळाले तर आमच्या कापसाला कोण येणार, ही जमीनदारांची ओरड. अटलांटा शहरांत १९३५ च्या सुमारास गोऱ्याला महिना सरासरी ३२ डॉलर मदत मिळे, काळ्याला १९. भूक काय कातडीचा रंग पाहून लागते ? त्या वर्षीं मे महिन्यांत नव्या कामखात्यांत भेदभाव करूं नये असा रूझवेल्ट यांनीं हुकूम काढला. पण हुकूम कागदावर राहिला आणि गांवोगांवची पळी बहुतेक जुन्याच हातांत राहिली.

याच देशांतील ज्या सज्जनांनीं गुलामांना मुक्त केलें, त्यांना जोतीरावांनीं १८७३ सालीं आपलें 'गुलामगिरी' पुस्तक अर्पण केलें. त्यानंतर साठ वर्षांनीं तेथें हा प्रकार चालावा ! कायद्यानें बेडी तुटते. पंगतींत सारखें वाढलें जाईलच असें नाहीं.

म्हणून मंदी कोणत्याहि देशांत येवो, मागणें स्पष्ट असावें. शहराला मदत द्या, पण व्याजीं नको. धडधाकट माणसाला काम द्या आणि मजुरीचा दर सर्वांना एक ठेवा. कोणाला किती मिळालें त्याची यादी भरचौकांत लावा. आणि वांटणीच्या कमिटींत रांगेंत उभे राहणारांपैकीं निम्मे तरी घ्या. एवढें नसेल तर कितीहि कोटि आले तरी शेवटचें पान कोरडेंच राहील.

— एक खेड्यांतील शिक्षक